दख्खनचे अरब आणि तुंबलेली तलब

दुसऱ्या बाजीराव पेशव्याने ३ जून १८१८ रोजी इंग्रज सेनानी जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. राज्य गेले होते, पण वर्षाला आठ लाख रुपयांची नेमणूक कबूल झाली होती आणि उरलेले आयुष्य उत्तरेत गंगेकाठी काढायचे ठरले होते. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता. ९ जूनला, नर्मदेच्या वाटेवरच्या मुक्कामात, त्याच्या तंबूला हत्यारबंद अरबांनी गराडा घातला. हे अरब कुणा शत्रूचे नव्हते. असीरगडच्या रानापर्यंत ज्यांनी त्याची सोबत केली, तेच हे लोक. त्यांचे म्हणणे एवढेच की आमची तलब चुकती करा आणि मग खुशाल जा.

भांडण तारखेवरून होते. या अरबांना त्रिंबकजी डेंगळ्याने नोकरीस ठेवले होते आणि ते त्या दिवसापासूनचा पगार मागत होते. बाजीरावाचे म्हणणे, तुम्ही माझ्या छावणीत दाखल झालात तेव्हापासूनचे देणे तेवढे माझे. आठ लाखांचा धनी काही महिन्यांच्या हिशेबापायी आपल्याच तंबूत कोंडला गेला आणि आतून माल्कमला निरोपावर निरोप धाडू लागला, की हल्ला करू नका, केलात तर हे आधी माझा जीव घेतील. दुसऱ्या दिवशी माल्कमने फौज उभी केली, थोडी गोळी चालली. मग अरबांचा म्होरक्या सय्यद झैन बोलायला पुढे आला, हिशेब मिटला आणि गराडा उठला.

अशा प्रसंगांना आपल्याकडचे लेखक निमकहरामी म्हणून मोकळे होतात. परका माणूस, भाड्याचा शिपाई, त्याला कसले इमान! मला हे पटत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची दीडशे वर्षे अरब शिपाई बडोदे, नागपूर, खानदेश, पुणे आणि निजामाच्या मराठवाड्यात वावरला. त्याच्या फिरलेल्या निष्ठा एकीपुढे एक मांडून पाहिल्या, तर त्यांत स्वभावाचा दोष कमी आणि जमाखर्चाचा गोंधळ जास्त दिसतो.

बाजू बदलण्याचा मक्ता अरबांकडे नव्हताच. गोदावरीकाठचे राक्षसभुवन बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात येते. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे तरुण माधवराव पेशव्याने निजामाच्या सैन्याची धूळधाण केली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. शाळेत आपण हा विजय शिकतो. त्याआधीचे काही महिने मात्र घाईत उरकतो. राघोबाच्या कारभाराला विटून गोपाळराव पटवर्धन निजामाला मिळाले होते. नागपूरकर जानोजी भोसलेही निजामाच्याच गोटात होते, पुण्याच्या लुटीत त्यांचा हात होता. त्यांना बत्तीस लाखांच्या मुलखाचे वचन मिळाले आणि ऐन लढाईच्या तोंडावर ते निजामाच्या छावणीतून बाजूला झाले. बाजूला होताना त्यांनी सांगितलेले निमित्तही ऐकण्यासारखे आहे: फौजेला द्यायला पैसे मिळत नाहीत. तेव्हा तलबेचा बहाणा मराठी सरदारालाही चालत होता. अरब जमादाराने तो बहाणा म्हणून वापरला नाही, त्याची तलब खरोखरच तुंबलेली असे.

हा अरब यायचा कुठून? बहुतेक करून हद्रामौतहून. आजच्या येमेनच्या पूर्वेकडे, उजाड पठारात खोल गेलेले ते एक खोरे आहे. पाणी थोडे, खजूर आणि थोडे धान्य, टोळ्यांची कायमची भांडणे आणि दर काही वर्षांनी दुष्काळ. तिथली घरे बाहेरून येणाऱ्या पैशावर चालत. कुणी जावा-सुमात्रात व्यापाराला जाई, कुणी पूर्व आफ्रिकेत, आणि ज्याला हत्यार चालवता येई तो मुकल्ला किंवा शिहर बंदरातून गलबतात बसून सुरत-मुंबईला उतरे. पुढची वाट पायी. आधी आलेला भाऊबंद कुठल्या तरी दरबारात असेच. बीडच्या ऊसतोड्याला मुकादम जसा कोयता बांधून नेतो, तसाच अरब शिपायाला जमादार नेत असे. उचल जमादार देई, हत्यार-बारूद तो पाही, पगार सरकारातून जमादाराच्या हाती येई आणि तिथून शिपायाकडे. शिपायाची बोली जमादाराशी, जमादाराची बोली दरबाराशी. पेशवा किंवा निजाम या शिपायाला ओळखतही नव्हता आणि शिपायालाही पेशव्याशी थेट देणेघेणे नव्हते. इथली निम्मी गुंतागुंत या एका व्यवस्थेतून सुटते. जमादार फिरला की त्याच्यामागे शेकडो माणसे एका रात्रीत फिरत. त्यांना वेगळे फितवावे लागत नसे.

अरबांना पगारही चांगला होता, देशी शिबंदीच्या जवळजवळ दुप्पट. त्याला कारण होते. कंबरेला जंबिया आणि हातात लांब नळीची तोडेदार बंदूक घेतलेला हा माणूस कवायत करत नसे, रांगेत उभा राहत नसे, पण भिंतीआड बसला की हटत नसे. किल्ला, गढी, वाड्याचा दरवाजा, खजिन्याची चौकी ही त्याची कामे. धन्याच्या नात्यागोत्याच्या राजकारणात तो नव्हता, म्हणून धन्याला आपल्या भाऊबंदांपेक्षा तो जवळचा वाटे. इथेच लग्न करून राहिलेल्यांची मुले मुवल्लद म्हणवली जात. ती आईकडून दख्खनी बोलत, बापाचा जंबिया लावत आणि जमादाराच्या यादीत बापाच्या जागी उभी राहत.

तलब तुंबते कशी, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. महसूल पिकावर येई, फौज बारमाही खाई. मधल्या महिन्यांसाठी दरबार सावकाराकडून हुंडी घेई आणि पुढच्या हंगामाचा वसूल त्याच्या नावे लावून देई. एका लढाईने किंवा एका दुष्काळाने हे गणित बिघडे. मग शिपाई कारभाऱ्याच्या दारात धरणे धरत, त्याला जेवू देत नसत, उठू देत नसत. हा राजरोस चालणारा प्रकार होता, त्याला बंड म्हणत नसत. पण तलब वर्षानुवर्षे थकली की शिपाई हा नुसता शिपाई राहत नाही. तो सरकारचा सावकार होतो, आणि सावकाराच्या हातात बंदूक असली की राज्य कुणाचे हा प्रश्न उरतोच.

बडोद्यात हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात उघडे झाले. गायकवाडांना मंगळ पारख आणि सामळ बेचर यांच्यासारख्या पेढ्या कर्ज देत, पण दरबाराच्या नुसत्या शब्दावर नव्हे. मध्ये अरब जमादार जामीन राहत. या जामिनकीला बहांदरी म्हणत. सरकारने पैसे बुडवले तर जमादार वसूल करून देणार. एखाद्या सरदाराला अभय द्यायचे झाले, तरी गायकवाडाच्या वचनामागे जमादाराची बहांदरी लागे. राजाचा शब्द चालावा म्हणून त्याच्या पगारी नोकराने हमी द्यायची! यावरून दरबाराची पत कुठे येऊन ठेपली होती ते कळते.

१८०० मध्ये गोविंदराव गायकवाड वारले. गादीवर आलेले आनंदराव दुबळे होते. त्यांचा सावत्र भाऊ कान्होजी याने त्यांना नजरकैदेत घालून कारभार बळकावला आणि अरबांनी ते चालू दिले. पुढे दिवाण रावजी आप्पाजीने त्यांना वळवले आणि १८०१ च्या जानेवारीत त्याच अरबांनी कान्होजीला पकडून दिले. मग कडीचा जहागीरदार मल्हारराव उठला. भाऊबंदकीचे पुरते यादवी युद्ध झाले आणि रावजीने मुंबईहून इंग्रजांची मदत आणली. कडी पडली. आता इंग्रजांच्या सल्ल्याने दरबार अरबांची खर्चिक फौज मोडू पाहत होता, पण मोडायची तर थकबाकी द्यायला हवी आणि ती द्यायला खजिन्यात काही नव्हते. अरबांनी बडोदे शहर धरले, आनंदरावांना अडकवून ठेवले आणि ज्याला स्वतः पकडले होते त्या कान्होजीला मोकळे सोडले. दोन वर्षांत एकाच माणसाला त्यांनी उचलून धरले, कैद केले आणि पुन्हा सोडले. वरवर पाहता याहून बेभरवशाचे लोक सापडायचे नाहीत. पण तिन्ही वेळा प्रश्न एकच होता: आपली बाकी कोण देईल?

१८०२ च्या डिसेंबरात मेजर वॉकरच्या फौजेने शहराला वेढा घातला. दहाएक दिवसांत अरब बाहेर आले, साडेसतरा लाखांची बाकी चुकती करायची आणि त्यांनी मुलूख सोडायचा, असे ठरले. बहुतेकांनी शब्द पाळला. अबूद जमादाराने मात्र पैसे घेऊन पुन्हा कान्होजीला गाठले, तेव्हा लबाड माणसे नव्हतीच असेही नाही. मला यातली खरी महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. अरब गेले आणि त्यांची बहांदरी इंग्रजांनी आपल्या नावावर करून घेतली. गायकवाडाच्या वचनांना आता कंपनी जामीन झाली. पुढे कितीतरी वर्षे रेसिडेंट बडोद्याच्या घरगुती कारभारात नाक खुपसत राहिला, तो याच जामिनकीच्या आधारावर. म्हणजे कंपनीने इथे गायकवाडांचे राज्य जिंकले नाही, अरब जमादाराची जागा तेवढी घेतली.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात अरब सगळीकडे होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात पेशव्याकडून गावात घुसलेल्या पायदळात ते होते. त्याआधी, २७ नोव्हेंबर १८१७ च्या सकाळी, नागपूरला सीताबर्डीची लहान टेकडी त्यांनीच काबीज केली होती. लढाई भोसल्यांच्या हातून गेली. १६ डिसेंबरला अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या छावणीत आले आणि तोफा सोपवायचे कबूल केले. धनी शरण गेला, पण अरब गेले नाहीत. त्यांनी नागपूर शहराचा आतला भाग धरून ठेवला. २४ डिसेंबरला जनरल डव्हटनने दरवाजावर चाल केली, ती त्यांनी परतवली. महिनाअखेरीस पैसे आणि सुखरूप जाण्याची हमी मिळाल्यावर ते बायकामुलांसह, हत्यारे घेऊन बाहेर पडले. याला निष्ठा म्हणायचे की निष्ठेचा अभाव? धन्याने हार मानल्यावरही ते लढले, आणि धन्याने हार मानू नये म्हणून लढले नाहीत.

थाळनेरची गोष्ट दुःखाची आहे. तापीकाठचा हा किल्ला होळकरांचा. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात तो इंग्रजांकडे गेला होता. २७ फेब्रुवारीला सर टॉमस हिस्लॉप तिथे पोचला, तर किल्ला बंद. आत अरबांची शिबंदी. तोफा चालल्यावर किल्लेदार तुळशीराम बाहेर आला, पण आतल्या दरवाजाशी अटी ठरेनात. दोन्हीकडची बोली एकमेकांना कळत नव्हती. गोऱ्या अधिकाऱ्यांची टोळी दिंडीतून आत शिरली आणि अरबांनी तिच्यावर हल्ला केला. दोन अधिकारी ठार झाले. मग आतले जवळपास तीनशे लोक कापले गेले आणि किल्लेदाराला फाशी दिले. हे प्रकरण पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटापर्यंत गेले, हिस्लॉपच्या कृतीवर टीका झाली. किल्ला देऊन टाकणारा तह दूर मंदसोरात झाला होता. भिंतीवर बसलेल्यांची थकबाकी त्या तहात कुठेच नव्हती.

मालेगावात तर मालकच कैदी झाला. नारोशंकराने १७४० च्या सुमारास बांधलेला मोसमकाठचा तो भुईकोट. वंशज गोपाळराव राजेबहाद्दर याने पेशव्याच्या माणसांकडून तो परत मिळवला आणि राखायला अरब आणले. लौकरच त्याच्या ध्यानात आले की किल्ला आपला राहिलेला नाही. खानदेशात असे अनेक ठिकाणी झाले होते. अरबांनी पगार साठवून गावोगावच्या पाटलांना, रयतेला व्याजाने पैसे दिले होते आणि वसुलीला ते स्वतःच जात.

मे १८१८ च्या मध्यावर कर्नल मॅकडॉवेल मालेगावपुढे आला. आत साडेतीनशेच्या आसपास माणसे होती, बाहेर तोफा, सुरुंग आणि पलटणी. तरीही वेढा चार आठवडे चालला. २९ मेचा हल्ला फसला. साऱ्या वेढ्यात इंग्रजांकडचे दोनशेहून जास्त मेले नाहीतर जखमी झाले. शेवटी जूनमध्ये एक गोळा किल्ल्यातल्या दारूखान्यावर पडला, स्फोटात भिंतीचा तुकडा खंदकात कोसळला आणि आत लढायला बारूद उरली नाही. शरण येतानाही अरबांनी लेखी कागद मागितला. तो मराठीत लिहून दिला गेला आणि त्यात मॅकडॉवेलच्या मनात होते त्याहून जास्त कबूल झाले. अरबांच्या हिताचे ते सर्व करू, अशा अर्थाचा मजकूर होता. लिहिणाऱ्याची चूक म्हणून तो फेटाळता आला असता. इंग्रजांचा दख्खनमधला मुख्य अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने तसे केले नाही. कागदाप्रमाणे पैसे द्यायचे आणि त्यांना मायदेशी पाठवायचे, असे त्याने ठरवले.

यात दयाबुद्धी होती असे मी म्हणणार नाही. एल्फिन्स्टन आणि त्याचा खानदेशातला अधिकारी जॉन ब्रिग्ज या दोघांनी एक साधा हिशेब केला होता. प्रत्येक गढीपुढे महिनाभर तोफा ओढण्यापेक्षा बाकी चुकवून गलबतात बसवणे स्वस्त. आधीच्या राज्याचे कर्ज नव्या राज्याने फेडले आणि त्या बदल्यात मुलूख विकत घेतला.

पण सगळे अरब गलबतात बसले नाहीत. पुष्कळांनी पूर्वेची वाट धरली, आणि इथे गेवराईचा पट्टा पुन्हा या गोष्टीत येतो. १८१८ नंतर पश्चिमेचा शेवगाव-पाथर्डीकडचा मुलूख अहमदनगर जिल्ह्यात, इंग्रजी अमलाखाली गेला. गेवराई, बीड निजामाकडे राहिले. शिवेच्या एका बाजूला हत्यारबंद भाडोत्री टोळ्यांना बंदी आणि दुसऱ्या बाजूला त्यांना मागणी. पुणे, खानदेश आणि नागपूर मोडल्यावर दख्खनमधल्या अरबांना मोठा धनी एकच उरला होता, हैदराबाद. सगळ्यांनाच तिथे दरबारी नोकरी मिळाली असे नाही. हटकर नाईक नौसाजीने निजामाविरुद्ध उठाव केला तेव्हा त्याच्या नोव्हाच्या गढीत अरब होते. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालच्या निजामाच्याच फौजेने ती गढी घेतली आणि आतल्या पाचशेच्या वर माणसांपैकी फार थोडी जिवंत राहिली. त्या सुमारास निजामाच्या नोकरीतही अरब आणि निजामाविरुद्धच्या गढीतही अरब, असे चित्र होते.

हैदराबादेत बडोद्याचाच खेळ मोठ्या पटावर मांडला गेला. निजामाचा कारभारी चंदूलाल याच्या काळात महसूल मक्त्याने दिला जाई. तालुकदार म्हणजे पगारी अधिकारी नव्हे, आगाऊ रक्कम भरून तालुका घेणारा मक्तेदार. ती रक्कम तो कर्जाने आणी. कर्ज देणाऱ्यांत गुजराती-मारवाडी सावकारांबरोबर आता खुद्द अरब जमादार होते. निजामाकडून येणे असलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांना तालुकेच्या तालुके लावून दिलेले होते. मराठवाड्यातल्या गढ्यांवर, देशमुखांच्या दारांवर, सावकारांच्या पेढ्यांवर अरब पहारा बसला. लोक या पहारेकऱ्याला चाऊस म्हणत. वसुलीला चाऊस आला म्हणजे काय होणार हे रयतेला ठाऊक असे. हैदराबाद शहरात जमादार कर्जदारांना आपल्या वाड्यात कोंडून ठेवत. त्यांचे आपसातले तंटे त्यांचेच लोक मिटवत, दिवाणाच्या कोतवालाला तिथे प्रवेश नसे. पगार वेळेवर न देणाऱ्या सरकारने फौजेबरोबर न्यायही विकून टाकला होता. त्याची किंमत कुणब्याने दिली, जमादाराने नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. जमादाराची बाजू समजून घेताना रयतेला विसरण्याचे कारण नाही.

१८५३ मध्ये कोवळ्या वयाचा सालारजंग दिवाण झाला. त्याने अरबांशी युद्ध केले नाही, तेवढी ताकदही नव्हती. गहाण पडलेले तालुके त्याने कर्ज फेडत एकेक करून सोडवले. अरबांच्या येण्या-देण्याचे दावे न्यायालयात आणले. कर्जदाराला खासगी कोठडीत ठेवायला बंदी केली. मोठ्या जमादारांना किताब आणि दरबारात मानाची जागा देऊन नव्या व्यवस्थेत त्यांचा हिस्सा राखला. मुख्य म्हणजे तलब ठरल्या वेळी मिळू लागली. याचे फळ १८५७ मध्ये दिसले. १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांच्या जमावाने रेसिडेन्सीवर चाल केली तेव्हा शहराच्या वेशी सालारजंगाच्या भरवशाच्या अरबांनी राखल्या. ज्यांच्यावर पन्नास वर्षे कुणाचाच भरवसा नव्हता, ते त्या पावसाळ्यात जागचे हलले नाहीत. पुढे १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी तालुकदार आणि तहसीलदार आले. मक्ता गेला आणि चाऊसाची मोठी कमाईही गेली. तो आता सरकारी खजिन्यावरचा किंवा धनिकाच्या दारावरचा पहारेकरी उरला.

मोठे जमादार एव्हाना भलत्याच उद्योगात गुंतले होते. उमर बिन अवद अल-कुऐती, गालिब बिन मोहसिन अल-कथिरी आणि अब्दुल्ला अल-औलकी हे तिघे हैदराबादचे बडे जमादार. निजामाच्या दरबारात ते शेजारी बसत आणि मायदेशी एकमेकांविरुद्ध लढत. दख्खनच्या पैशाने त्यांनी हद्रामौतमध्ये गढ्या घेतल्या, टोळ्या विकत घेतल्या, बंदुका पाठवल्या. कथिरींनी १८४८ मध्ये सेयून घेतले, कुऐतींनी १८५८ मध्ये शिबाम. शिहर बंदर १८६६ मध्ये कथिरींच्या हाती गेले आणि पुढच्याच वर्षी कुऐतींनी ते हिसकावले. १८८१ मध्ये मुकल्लाही कुऐतींचे झाले. तिथल्या टोळ्या आज याच्या, उद्या त्याच्या बाजूला जात होत्या, कारण त्यांनाही कुणीतरी महिन्याचे पैसे देत होते. आपल्या मुलखात भाड्याने लढलेल्यांनी घरी जाऊन भाड्याने माणसे लढवली. मराठवाड्याच्या कुणब्याने भरलेला सारा अरबस्तानच्या किनाऱ्यावर एक सल्तनत उभी करायला उपयोगी पडला. ही कुऐती सल्तनत १९६७ पर्यंत टिकली. तिचे कित्येक सुलतान आयुष्याचा मोठा भाग हैदराबादेतच काढत.

तेच मुकल्ला २०१५ च्या एप्रिलमध्ये अल-कायदाच्या ताब्यात गेले. वर्षभराने संयुक्त अरब अमिरातीने पगार आणि हत्यारे दिलेल्या स्थानिक हद्रामी तुकड्यांनी अल-कायदाला बाहेर काढले. येमेनच्या यादवीत या तुकड्या कागदोपत्री सरकारच्या, पगाराने अमिरातीच्या आणि मनाने हद्रामौतच्या होत्या. त्यांच्या निष्ठेबद्दल परदेशी पत्रकारांनी पानेच्या पाने लिहिली. इराकबद्दलही असेच लिहिले गेले होते. २००६ पासून अन्बारच्या टोळ्या अल-कायदा सोडून अमेरिकनांकडे आल्या. महिना सुमारे ३०० डॉलरवर जवळजवळ एक लाख माणसे चौक्यांवर उभी राहिली. पुढे अमेरिकनांनी त्यांना बगदादच्या सरकारकडे सोपवले. पाचांतल्या एकाला पोलिसात-लष्करात घेऊ, असा वायदा होता. तो धड पाळला गेला नाही, पगार रखडले, आणि २०१४ मध्ये इसिस आली तेव्हा काही लढले, काही घरी बसले, काही तिला जाऊन मिळाले. सुदानमध्ये अबू अक्ला कैकल याने २०२३ मध्ये निमलष्करी दलाच्या बाजूने गेझिरा प्रांत घेतला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो माणसांसकट लष्कराकडे गेला. या लढायांत धर्म, टोळी, जुने वैर, सूड हे सगळे आहे आणि सगळेच पगारात मोजता येत नाही. तरीही कुठल्या टोळीने कधी बाजू बदलली याचा तक्ता मांडणाऱ्याने शेजारी आणखी एक रकाना काढावा: त्या महिन्यात पगार झाला होता का?

मराठवाड्यात या कथेचा शेवट १९४८ मध्ये झाला. निजामाच्या अनियमित फौजेत अरब तोवर होतेच. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत घातली. त्या काळात गढीवरचा, चावडीवरचा चाऊस गावकऱ्यांना रझाकारांहून वेगळा दिसेनासा झाला. काही त्यांत सामील होते, काही पिढ्यानपिढ्या त्याच दारावर उभे होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत सगळे आटोपले. शरणागती देणाऱ्या निजामी सेनापतीचे नाव सय्यद अहमद अल-इद्रूस, घराणे मूळचे हद्रामी सय्यदांचे. त्यानंतर मराठवाड्यात मुसलमानांवर जो सूड उगवला गेला त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. अरब असणे हे त्या दिवसांत वेगळे धोक्याचे होते.

हजारो अरबांना छावण्यांत ठेवले गेले आणि त्यांना एडनमार्गे परत पाठवायचा बेत ठरला. काही जहाजे गेली. पण हद्रामौतमध्ये १९४८-४९ ला दुष्काळ पडला होता आणि हैदराबादहून येणारा पैसा बंद झाल्याने तो अधिकच जीवघेणा झाला होता. येणाऱ्यांना खाऊ घालायची तिथे कुणाची तयारी नव्हती. शिवाय पाठवायचे कुणाला, हाही प्रश्न होता. छावणीतले कितीतरी जण मुवल्लद होते. त्यांची आई इथली, जन्म इथला, बायको इथली, आणि हद्रामौत त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली. तिच्या पाचव्या कलमाप्रमाणे त्या वेळी भारतात जन्मलेला आणि इथेच वास्तव्य असलेला माणूस नागरिक ठरला. जन्माचा पुरावा म्हणून त्यांच्यापाशी बहुधा एकच कागद असावा, बापाच्या जागी आपले नाव चढल्याची जमादाराच्या यादीतली नोंद.